तिसरी डिस्क

३ जानेवारी, शुक्रवार. तेर

आलो एकदाचा. वाशी (मुंबईकडची नव्हे, आमच्या जिल्ह्यातली) ते धाराशिव, धाराशिव ते तेर, दोन एसट्या; मांडीवर मॉनिटर, पायांत हत्यारांची पेटी. कंडक्टर म्हणाला, या टीव्हीचं अर्धं तिकीट काढा. म्हटलं काढतो, पण मग त्याला खिडकी द्या. अर्धी गाडी हसली. नव्या गावात माणसानं हसवत शिरावं, हा माझा जुना नेम.

काम चांगलं आहे. शाळेतले बावीस कॉम्प्युटर भंगारात काढायला ठेवलेत. विंडोज त्यांना पेलत नाही, म्हणून त्यांच्यावर लिनक्स, हलकी नि फुकटची सिस्टीम, चढवून ते उठवायचे. दीड महिना लागेल. मुख्याध्यापक मला इंजिनियरसाहेब म्हणतात. मी बारावी नापास आहे हे सांगून टाकलं, तरी म्हणतात. खरं तर माझी शाळा म्हणजे वाशीतलं मोटार रिवायंडिंगचं दुकान. आई, मथुराबाई, मिरच्या कांडायची; मी चौदाव्या वर्षी त्या दुकानात झाडू मारायला लागलो. तिथं एकच विद्या मिळाली. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि गप ऐकायचं. मोटार कशासाठी रडतेय ते कळतं. त्याच कानावर पुढं रेडिओ, टेप आणि आता हार्डडिस्क. लोक डिग्री लावतात, मी कान लावतो.

राहायला कस्तुराबाईंकडं. वय पासष्ट-सहासष्ट, एकट्याच. नवरा हिंमतराव याच शाळेत गणित शिकवायचे, गेल्या जानेवारीत वारले. या पट्ट्यात घरी लिनक्स वापरणारी माणसं बोटांवर मोजावीत, त्यातले ते एक. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, त्यांचा कॉम्प्युटर आहे, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. तो बंद पडलाय. बाईंची अट एवढीच की वर्षश्राद्धाच्या आत तो चालू करून द्यायचा. म्हणाल्या, त्येंचं सगळं त्यात हाय. श्राद्ध एकवीस तारखेला आहे. अठरा दिवस! मी हसत शब्द दिला. माझ्याकडं आलेलं मशीन न उठता परत गेलेलं नाही.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन चार दिवस झालेत, पण घरात अजून त्या दिवशीच्या भज्जीचा, मिसळ भाजीचा, वास आहे. रात्री येसूरची आमटी, कडक भाकरी, शेंगाचटणी. चार भाकऱ्या हाणल्या. बाई म्हणाल्या, बलभीमभाऊ, तुमी माणूस हाव का मळणीयंत्र?

४ जानेवारी, शनिवार

हिंमतरावांचं मशीन लावलं. काळा पडदा, त्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारी रेघ.

याचा अर्थ सोपा आहे. कॉम्प्युटर चालू केला की आधी एक बारका प्रोग्राम उठतो, बूटलोडर. त्याला बाकी काही येत नाही. घर कुठं आहे एवढंच त्याला ठाऊक असतं. तो जातो आणि घराला उठवतो. त्यालाच घर सापडलं नाही की हे दोन शब्द लिहून उभा राहतो. बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं काम.

सवयीनं डिस्कवर स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला. मरत्या डिस्कचे आवाज मला पाठ आहेत: टकटक, घासणं, शिट्टी. हा त्यातला नव्हता. मऊ होता, ओला. दात नसलेलं माणूस दुधात चुरलेली भाकरी खातं तसा. चब, चब, आणि मध्ये एक गिळल्यासारखी गॅप.

बेअरिंगमधलं तेल सुकत आलं असेल.

६ जानेवारी, सोमवार

आज जे बघितलं ते लिहून काढतो.

शाळेतून जेवायला साडेबाराला आलो. बाईंनी हिंमतरावांच्या मशीनचं बटण दाबलं. पडद्यावर तेच दोन शब्द. थोड्या वेळानं सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला. बाईंनी वरण-भाताचा तुपात कालवलेला घास केला, आवळ्याएवढा, आणि सीडी ठेवतात त्या खळग्यात ठेवला. ट्रे आत गेला. त्या हात जोडून उभ्या. दोन-तीन मिनिटांनी ट्रे पुन्हा बाहेर आला. रिकामा. नुसता रिकामा नव्हे, चाटूनपुसून लख्ख.

मग पदराला हात पुसून त्यांनी माझं ताट वाढलं. मी विचारलं. म्हणाल्या, त्येंचा घास. आणि वर, भाऊ, तुमचं गार व्हायलंय.

वर्षभर. रोज एक घास. त्या डब्यात आता काय सडून बसलं असेल? आयुष्यात पहिल्यांदा ताटात टाकून उठलो.

७ जानेवारी, मंगळवार

बाई देवळाकडं गेल्यावर डबा उघडला. मी कॉम्प्युटरांच्या पोटात काय काय बघितलंय! पालीची अंडी, मेलेला उंदीर, एका सायबर कॅफेत तर गुटख्याच्या पुड्यांचं घरटं. नाकाला फडकं बांधूनच बसलो.

भाताचं शीतही नाही.

पंख्यावर हळद-कुंकवाचा आणि तुपाचा चिकट लगदा आहे, केसांची गुंतवळ आहे. पण एवढं तूप असून मुंगी नाही, झुरळ नाही. शेजारी गुळाच्या डब्याला मुंग्यांची रांग लागलेली, तीसुद्धा मशीनपासून हातभर लांबून वळसा घालून गेलेली. सीडी ड्राइव्ह खोलला. आत पांढरट थर. सकाळी उठल्यावर जिभेवर असतो तसला. बोट लागलं तर ओला, आणि कोमट. मशीन दोन तास बंद होतं.

तीनदा हात धुतले. साबणाच्या वासातूनही तो वास येतोय: तोंडाचा. तंबाखूचा.

८ जानेवारी, बुधवार

स्टँडवर कोंडीरामचं चहाचं हॉटेल आहे. गडी तोंडाळ. कुठं उतरलात विचारलं, सांगितलं, तर हातातली गाळणी तशीच धरून बघत राहिला. मग बोलला ते असं.

हिंमतरावांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. तेरणा नदीच्या काठी दुपारी दोनपर्यंत लोक उन्हात उभे. मुलगी वैष्णवी पुण्याहून आलेली, तिनं नाना वचनं दिली. आईला सांभाळीन म्हणाली, घर विकणार नाही म्हणाली. कावळे आले, बघितलं, उडून गेले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी घरी आली. कस्तुराबाईंनी मात्र पिंडातला मूठभर भात पदरात बांधून आणला होता. सोप्यात पाऊल टाकलं आणि बंद मशीनचा ट्रे सर्रकन बाहेर आला. बाईंनी पिंड त्यावर ठेवला. आत गेला. बाई भर दुखवट्यात म्हणाल्या, शिवला गं बाई, शिवला.

वैष्णवी त्या दिवशी गेली ती परत आलेली नाही. धाराशिवहून दोन मेकॅनिक येऊन एका दिवसात पळाले. बाई त्यांच्या नावानं अजून बोटं मोडतात, म्हणे कुणी नीट ऐकूनच घेत न्हाय. कोंडीराम म्हणाला, सायेब, तुमचा तर धंदाच ऐकायचा. आणि हसला, पण चहाचे पैसे घेतले नाहीत. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

९ जानेवारी, गुरुवार

भुताला भ्यायला मला सवड नाही. शब्द दिलाय. ठरवलं की जुनी डिस्क आहे तशी नव्या डिस्कवर उतरवायची, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, मग दुरुस्ती नव्यावर. नवी डिस्क शाळेच्या मालातली. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. मशीन गरीब गायीसारखं उठलं.

लिनक्समध्ये डिस्कांना नावं नसतात, अक्षरं असतात. जी आधी ओ देते ती ए, तिच्यामागची बी, मग सी. पेनड्राइव्ह सोडला तर मी दोनच जोडल्या होत्या: ए म्हणजे हिंमतराव, बी म्हणजे नवी. यादी काढली. तीन दिसल्या.

तिसरीला कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. केबली उपसून बघितल्या, दोनच. केबलचा दोष असणार म्हणून आज सोडून दिलं.

हिंमतरावांची डिस्क मात्र सकाळपेक्षा आता संध्याकाळी जास्त भरलेली दाखवते. कोण लिहितंय तिच्यावर? मी तर नुसता कान लावून बसलोय.

११ जानेवारी, शनिवार

चूक झाली. वीस वर्षं पोरांना शिकवत आलो की आधी यादी बघा, मग एंटर दाबा. अक्षरं रोज बदलतात, काल जी बी होती ती आज बी असेलच असं नाही. कुणी चुकीच्या डिस्कवर कॉपी उतरवून लग्नाचे फोटो घालवले की मी त्याला स्टँडवर उभं करून शिव्या दिल्यात.

आज सकाळी यादी न बघता हुकूम दिला. ए वरून बी वर. एका हातानं स्क्रूड्रायव्हर कानाला धरलेला, कारण कॉपी होताना डोकं अडकतंय का ते ऐकायचं होतं. पाच टक्के, सात टक्के. काय झर्रकन चाललं होतं! पाचशे जीबीला दिवस लागतो, हे भराभर. आठ टक्क्यांवर जाणवलं की नव्या डिस्कचा दिवा पेटतच नाही. थांबवलं. यादी बघितली. नवी डिस्क सी झाली होती आणि कोरी होती.

बी वर लिहिलं गेलं. बी म्हणजे ती तिसरी.

१२ जानेवारी, रविवार

उठलो तर गालात तंबाखूची गोळी. चुन्यासकट, चघळून चोथा झालेली. मी जन्मात तंबाखू खाल्ली नाही. मोरीत थुंकलो तर भसाभस तपकिरी पाणी, संपेचना. भडभडून उलटी झाली. उलटीत भात होता. रात्री मी भाकरी खाल्ली होती.

बाईंनी मोरीत पाणी ओतलं. खूश दिसल्या.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

कळलं.

पडद्यावर यादी सारखी ताजी होत राहील असं लावलं आणि समोर बसलो. दोन डिस्का. स्क्रूड्रायव्हर डिस्कवर टेकवला. दोनच. मूठ कानामागच्या हाडाला लावली. तीन. काढली. दोन. लावली. तीन.

वीस वेळा केलं.

तिसरी डिस्क मी आहे.

साडेबाराला ट्रे बाहेर आला. बाईंनी तिळाची बाजरीची भाकरी भोगीच्या भाजीत चुरून ठेवली. ट्रे आत गेला, आणि माझ्या तोंडात चव आली. घेवडा, वांगं, तीळ, बाजरी, सगळं कोमट, आधी कुणीतरी चावलेलं. मी दात आवळून बसलो होतो. घास आपोआप घशाखाली उतरला.

पडद्यावर परवा थांबवलेला आकडा पुढं सरकला. एकोणीस टक्के. स्क्रूड्रायव्हर तर पेटीत होता.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

कॉपी डिस्कच्या आरंभापासून लिहिते. सगळ्यात आधी बूटलोडर जातो, मग त्याच्यामागचं जुनं, मग नवं. म्हणजे माझा आरंभ गेला. सकाळी मला उठवतं ते माझं आहे की त्यांचं, याची खात्री नाही. गणिताचे पाढे येतात, सवायकी, दीडकी. मला कधी येत नव्हते.

कस्तुराबाई आज हिरव्या बांगड्या घालून बाहेर आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिळगूळ माझ्या हातावर ठेवताना डोक्यावरून पदर घेतला. भाऊ म्हणाल्या नाहीत. अहो, घ्या ना, एवढंच.

कोंडीराम दारावरून चालला होता. त्यानं बघितलं आणि सायकल हातात धरून पळाला.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन तारखेचं पान वाचलं. त्यात लिहिलंय की आईचं नाव मथुराबाई. कुणाच्या आईचं? अक्षर माझं आहे. मिरच्या कांडणारी बाई मला दिसत नाही. तिच्या जागी एक दुसरीच म्हातारी आहे, नाकात नथ, मला हिंमत्या म्हणते.

शाळेत गेलो नाही. अंगाला तोंडाचा वास येतो. आंघोळ केली, घासून घासून कातडं लाल केलं. वास आतून येतोय.

चाळीस टक्के.

१७ जानेवारी, शुक्रवार

पेटी उचलली आणि सकाळच्या धाराशिव गाडीत जाऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, कुठं. तोंड उघडलं, गावाचं नाव येईना. पुन्हा विचारलं. मागचे लोक बघायला लागले. मी म्हटलं, तेर. तो म्हणाला, अहो काका, तेरातच बसलाव की! लोक हसले.

उतरलो. पाय चालत सोप्यात आले, मला न विचारता. बाईंनी पायांवर पाणी घातलं.

१८ जानेवारी, शनिवार

हिशेब असा. डिस्क फोडली तर कॉपी तुटेल. साठ टक्के ते, चाळीस मी, आणि आरंभी त्यांचा बूटलोडर. अशी डिस्क दोघांपैकी कुणालाच उठवत नाही. लुकलुकत उभी राहते. जन्मभर.

नाही फोडली तर — तीन दिवस.

मी चाळीस टक्के घेऊन जगेन. भीक मागेन, पण ती चाळीस माझी असतील. उद्या दुपारी, घासाच्या आधी.

१९ जानेवारी, रविवार

फोडली. हातोडीनं, सोप्यात, भर उजेडात. बाई समोर बसून बघत होत्या, अडवलं नाही.

आत चकत्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पण त्यांच्यावर गुलाबी, ओलं, जाड — बारीक काटे असलेलं. घाव बसला तसं आखडलं. तुपाचा आणि जुन्या भाताचा भपकारा. कंपनीचं सील मीच आत्ता तोडलं, त्याआधी ही डिस्क कुणी उघडली नव्हती. मग हे आत कुठून —

दिवे गेले. मशीन मेलं. मी रडलो. सुटलो म्हणून रडलो.

बाई फडक्यानं फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, आता त्याची गरजच काय हाय.

कानात चालूच आहे. चब. चब. स्क्रूड्रायव्हर नाही, डिस्क नाही. कवटीत. एकसष्ट.

२० जानेवारी, सोमवार

साडेबारा. ट्रे आला नाही, येणार कुठून. बाई घास हातात घेऊन मशीनसमोर बसल्या. मग बसल्या जागी वळल्या. माझ्याकडं.

मी खोलीत शिरून कडी घातली. दाराच्या फटीतून तुपाचा वास.

कालपासून पाणीसुद्धा प्यायलो नाही. खाल्लं नाही तर पुढं सरकत नाही. एकसष्टवरच आहे. हे नक्की. तोंड बंद ठेवायचं. एवढंच करायचं. बलभीम. वाशी. बलभीम. वाशी. पान भरून लिहितो —

बलभीम वाशी बलभीम वाशी बलभीम हिंम

२१ जानेवारी

दार मी उघडलं नाही. उघडं आहे.

त्या पाटासमोर बसल्यात. मी पाटावर. कधी बसलो? पानावर पिंड, काळे तीळ, तूप. उजेड भरपूर. अंगणात कावळे, पिंपरणीच्या झाडावर ओळीनं, ओरडत नाहीत.

लिहितोय तोवर हात माझा आहे. दात आवळलेत.

घास ओठांपर्यंत आणलाय. बोटांना हळदीचा वास. अहो, म्हणतात, किती वाट बघायची बाईमाणसानं.

न्हाय. न्हाय उघडणार. तूप हनुवटीवरून खाली गळतंय — कोमट — ओकारी — ओकायचं तरी तोंड —

जबड्याच्या आत काहीतरी सर्रकन